सत्त्वपरीक्षेचा रिकामा रकाना

आपल्यापैकी अनेकांच्या रुग्णपत्रिकेवर दशविध परीक्षेचा तक्ता छापलेला असतो. प्रकृति, विकृति, सार, संहनन, प्रमाण आणि सात्म्य यांच्यानंतरचा सातवा रकाना सत्त्वाचा. तो आपण किती वेळा भरतो? भरलाच तर 'मध्यम' हा एकच शब्द सवयीने लिहून पुढे जातो. माझ्याही हातून वर्षानुवर्षे हेच घडले. त्या शब्दाचा खरा अर्थ मला कृष्णेच्या पुराने शिकविला.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली व पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. माझे चिकित्सालय बुडाले. आसवारिष्टांच्या बाटल्या, चूर्णांच्या बरण्या आणि पंधरा वर्षांच्या रुग्णपत्रिका चिखलात गेल्या. रुग्णांना नित्य 'धीर धरा' असे सांगणारा मी, पाणी ओसरल्यावर तीन आठवडे दाराचे कुलूपही काढू शकलो नाही. झोप तुटक झाली, अन्नावरची वासना गेली. रोग वाढविणाऱ्या भावांत विषाद हा अग्रगण्य होय, हे चरकाचार्यांचे मत मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते. आता ते देहावर अनुभवत होतो.

एके सकाळी संधिवाताच्या जुन्या रुग्ण असलेल्या एक आजी घरी आल्या. "दवाखाना कधी उघडणार, डॉक्टर?" मी म्हणालो, "औषधच उरले नाही, आजी." त्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. परवा चूल पेटवली. औषध मागनं बघू, तुम्ही नाडी तरी बघा." मी त्यांचा हात हाती घेतला. त्याच दुपारी कुलूप निघाले.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सत्त्वाचे प्रवर, मध्य आणि अवर असे तीन भेद सांगितले आहेत. प्रवरसत्त्व मनुष्य मोठ्या पीडेतही डळमळत नाही. अवरसत्त्व मनुष्याला स्वतःला सावरता येत नाही व इतरांनी सावरूनही तो सावरत नाही. मध्यसत्त्व मनुष्य मात्र दुसऱ्याचे सोसणे पाहून स्वतःला सावरतो, अथवा दुसरे त्याला सावरतात. मी त्या दिवशी नेमका हाच होतो. आपले बहुसंख्य रुग्णही असेच असतात, असे माझे निरीक्षण आहे.

यावरून माझे मत असे झाले आहे की, मनोबल ही केवळ एकट्याने आतून उपसून काढावयाची वस्तू नव्हे. ज्याचे पीक गेले, नोकरी सुटली किंवा घरातील माणूस गेले, त्याला 'मन खंबीर करा' असे सांगणे म्हणजे ज्वरिताला 'ताप उतरवा' असे सांगण्यासारखे आहे. सत्त्वावजय ही दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीची चिकित्सा आहे. तिला उपदेशाचे रूप देऊन आपण तिचे मोल कमी केले आहे. आधी निद्रा व आहाराची वेळ बसवावी, मग रोज पार पडेल असे एक लहान काम नेमून द्यावे आणि त्याच प्रसंगातून गेलेल्या माणसाशी त्याची गाठ घालून द्यावी. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखविले, तर त्याला एकटे न सोडता तत्काळ मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. त्यात आपल्या शास्त्राला कोणताही कमीपणा नाही.

आणखी एक विनंती. 'अवर' हा शब्द कोणाच्याही माथी कायमचा मारू नये. आघातानंतरच्या पहिल्या भेटीत झालेली सत्त्वपरीक्षा महिन्याभराने पुन्हा करावी. त्या रकान्यात प्रवर, मध्य किंवा अवर एवढेच न लिहिता, 'या रुग्णाला आधार कोणाचा?' याचे उत्तरही लिहावे. ते उत्तर सापडले नाही, तर निदान काही काळ तो आधार आपण व्हावे. माझ्या नव्या रुग्णपत्रिकेत तो रकाना मी मुद्दाम मोठा छापून घेतला आहे.