आधी रेडिएटर उघडा, मग पंख्याचं बोला

माझ्या ओळखीच्या माजी सैनिकांत एक खूळ शिरलंय. लिलावात डिस्पोजलची जिप्सी नाहीतर जुनी जीप घ्यायची, गावी आणायची आणि खंबाटकीत पहिल्यांदा पाणी उकळलं की बाजारात जाऊन इलेक्ट्रिक फॅन बसवून घ्यायचा. इंजिनावरचा मूळ पंखा भंगारात. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, गाडी थंड पण राहील आणि पिकअप पण वाढेल." साहेब खूश.

मला हे पटत नाही. काही मित्र रागावतील, रागावू देत.

पंख्याच्या पात्याला म्हातारपण येत नाही. व्हिस्कस क्लच असेल तर तो ढिला पडतो, पण तो बदलता येतो. बाकी पंखा पूर्वी जेवढी हवा ओढायचा तेवढीच आजही ओढतो. बदललेलं असतं ते रेडिएटर. गाडी डिस्पोजलच्या यार्डात उन्हापावसात उभी असते. त्याआधी कुणी कूलंटच्या जागी नाल्याचं पाणी भरलेलं असतं, कुणी बोअरचं. आतल्या नळ्यांत क्षार बसतात, बाहेर जाळीत चिखल आणि किडे. अशा रेडिएटरपुढे विमानाचा पंखा लावलात तरी काय होणार?

दुसरी गोष्ट रेडिएटरच्या कॅपची. अरुणाचलच्या पोस्टिंगमध्ये भालुकपाँग ते सेला हा रस्ता बराच केला. दिरांग सुटलं की चढच चढ, आणि वर सेला १३,७०० फुटांवर. तिथे उघड्या भांड्यात पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बारची कॅप धड असेल तर तेच पाणी ११० अंशांपर्यंत दम धरतं. कॅपचं रबर गेलेलं असेल आणि थर्मोस्टॅट ८८ अंशांचा असेल, तर तो उघडायच्या आधीच पाणी उकळायला लागतं. म्हणजे गरम पाणी रेडिएटरपर्यंत नीट पोचतच नाही. इथे पंखा कोणता, हा प्रश्नच गैरलागू. किरकोळ किमतीच्या कॅपचं काम हजारोंच्या फॅनला सांगायचं, हा कुठला हिशेब?

आता पिकअप. इंजिनावरचा पंखा ताकद खातो, खरं आहे. पण ही भूक आरपीएमच्या घनाने वाढते. वेग निम्मा झाला की ताकद एक-अष्टमांश लागते. म्हणजे बचत होते ती हायवेवर, जिथे वाऱ्यानेच रेडिएटर थंड राहतं. घाटात मधल्या आरपीएमवर फार काही वाचत नाही. आणि इलेक्ट्रिक फॅनला वीज काय आभाळातून येते? २० अँपिअर खाणारा फॅन म्हणजे अडीचशे वॉटच्या वर. अल्टरनेटर ती वीज इंजिनाकडूनच काढतो, वर स्वतःचं कमिशन घेतो.

शिवाय जुन्या गाडीचा अल्टरनेटर बेताचा. रात्र, पाऊस, हेडलाइट, वायपर, हीटर, त्यात हा फॅन, आणि गाडी जाममध्ये आयडलवर. अशा वेळी अल्टरनेटर अर्धाही माल देत नाही. उरलेलं बॅटरीतून जातं. थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली. सकाळी धक्का मारायला माणसं शोधा.

फर्स्ट परेडला आपण बेल्ट अंगठ्याने दाबून बघायचो. मूळ पंख्याची तपासणी एवढीच. इलेक्ट्रिक फॅनमध्ये मोटर, सेन्सर, रिले, फ्यूज आणि अर्थ, अशा पाच जागा बिघडायला. बाहेरून एकही दिसत नाही.

इलेक्ट्रिक फॅन वाईटच, असं मी म्हणत नाही. नाला पार करताना तो बंद ठेवता येतो; मूळ पंखा पाण्यात फिरला की पाती वाकून रेडिएटरच फाडू शकतात. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी रांगते तेव्हा मूळ पंखाही रांगतो, इलेक्ट्रिक मात्र पूर्ण जोराने फिरतो. नव्या गाड्यांत तो कंपनीच बसवते, कारण रेडिएटर, अल्टरनेटर, वायरिंग सगळं त्याच्या मापाने केलेलं असतं.

माझं भांडण बाजारातल्या बसवणुकीशी आहे. प्लास्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून ओवून फॅन लटकवतात. खडखडाटाने त्या नळ्या घासतात आणि काही महिन्यांत गळती. शेड, म्हणजे हवा पूर्ण जाळीतून ओढणारं आवरण, लावतच नाहीत, त्यामुळे फॅनपुढचा गोल तेवढा थंड, कोपरे तापलेले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डॅशबोर्डवरच्या साध्या बटणातून थेट करंट. सुरू होताना मोटर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट ओढते. बटण जळतं, वायर वितळते, आणि ती वायर पेट्रोलच्या पाइपाजवळून गेलेली असते. बायकापोरं गाडीत बसलेली असतात, हे त्या मेकॅनिकला नाही, तुम्हाला आठवायला हवं.

तरी बसवायचाच असेल तर रिले, बॅटरीजवळ फ्यूज, जाड वायर, सेन्सर आणि शेड यांशिवाय पैसे देऊ नका. बसवल्यावर फॅन चालू करून ग्रिलवर कागद धरा. कागद जाळीला चिकटला तर ठीक. उडाला तर मोटरच्या वायरी उलट जोडल्यात. सेन्सरवाला फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो, तेव्हा बोटं सांभाळा.

पण त्याआधी थंड गाडीची कॅप काढून रबर बघा, आणि रेडिएटर उतरवून धुऊन घ्या. तेवढं करून पुन्हा खंबाटकी चढा. तरीही उकळलं तर मला कळवा.