बचावाचा हक्क आणि उशाखालची तलवार

दंगलीची नुसती कुणकुण लागली तरी आपल्या मोहल्ल्यात दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक बुजुर्गांचा : दारे लावा, अल्लाहचे नाव घ्या, गप्प बसा. दुसरा नाक्यावरच्या पोरांचा : घराघरात तलवार पाहिजे. पहिल्याला आपण शहाणपण म्हणत आलो, दुसऱ्याला मर्दानगी. आमच्या मते दोन्ही सल्ले अज्ञानातून येतात आणि दोन्हींची किंमत समाजाला मोजावी लागते.

भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. 1992-93 च्या मुंबईत 900 माणसे मेली, त्यात 575 मुसलमान आणि 275 हिंदू होते, हे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवून ठेवले आहे. ज्यांची घरे जळाली त्यांना 'पोलिसांवर विश्वास ठेवा' एवढेच सांगणे ही क्रूर थट्टा आहे. म्हणून बचावाची तयारी हवीच. प्रश्न एवढाच, की तयारी म्हणजे काय?

आधी कायदा. आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे की स्वसंरक्षण हा या देशात गुन्हा नसून हक्क आहे? पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 96 ते 106 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. स्वतःचेच नव्हे, दुसऱ्या कोणाचेही शरीर वाचवण्याचा हा हक्क आहे. जीव जाण्याची, जबर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची किंवा अ‍ॅसिडहल्ल्याची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा बचावणाऱ्याला गुन्हेगार मानत नाही. राहत्या घराला आग लावणाऱ्याविरुद्धही हा हक्क तिथपर्यंत जातो. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे सविस्तर मांडली. हल्ला समोर असताना माणसाने पळूनच गेले पाहिजे असे कायदा म्हणत नाही, हे त्यातले एक. तेव्हा 'गप्प बसा' म्हणणाऱ्या बुजुर्गांना आम्ही अदबीने सांगतो : मुकाट मार खाण्याचे बंधन ना कायद्याने घातले आहे, ना दीनने.

पण त्याच कायद्याला हद्द आहे आणि तलवारवाल्या पोरांना नेमकी तीच ठाऊक नसते. पोलिसांकडे जाण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क नाही. हल्लेखोर पळाला, धोका टळला, की हक्क संपला. पाठलाग करून मारणे हा बचाव नव्हे, तो सूड आहे आणि सुडाला खुनाचेच कलम लागते. एका गल्लीचा बदला दुसऱ्या गल्लीतल्या निरपराध माणसावर घेणे तर निव्वळ पाप. आपला जीव, माल आणि घरदार राखताना मेलेल्याला शहीद मानणारी हदीस आपण तकरिरीत वारंवार ऐकतो. पण हद्द ओलांडण्याची मनाई कुराणात तितकीच स्पष्ट आहे. ती किती वेळा ऐकतो?

आता हत्यार. साधी लाठी शस्त्र कायद्यात शस्त्र ठरत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघाला की तीच लाठी रस्त्यावर घेऊन फिरणे गुन्हा होतो. बंदुकीला जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांचा परवाना लागतो. विनापरवाना सापडली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 वर्षे कैद आहे. संजय दत्तचे उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. दंगलीत कुटुंबाच्या बचावासाठी बंदूक ठेवली, असे त्याचे म्हणणे होते. खासदाराचा मुलगा, नामांकित नट, निष्णात वकिलांची फौज. तरीही शस्त्र कायद्याखाली दोषी ठरला आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून शिक्षा 5 वर्षांवर आणली. त्याचे हे झाले, तर गॅरेजात काम करणाऱ्या आपल्या पोराचे काय होईल? उशाखालची तलवार दंगलीच्या रात्री उपयोगी पडेल की नाही कोण जाणे. झडतीच्या दिवशी मात्र ती नक्की सापडते, आणि मग सगळा मोहल्ला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

परवाना असला म्हणून तरी? 28 फेब्रुवारी 2002 रोजी अहमदाबादच्या गुलबर्ग सोसायटीत 69 माणसे मारली गेली. माजी खासदार एहसान जाफरी यांच्याजवळ परवान्याचे शस्त्र होते आणि त्यांनी ते चालवलेही. जमाव हटला नाही. पुढे 2016 च्या निकालात विशेष न्यायालयाने म्हटले की त्या गोळीबारानेच जमाव भडकला. आम्हाला हे म्हणणे पटत नाही. वेढ्यात सापडलेल्या माणसाने करायचे तरी काय होते? पण धडा टाळता येत नाही. हजारोंच्या जमावापुढे एकटी बंदूक पुरत नाही, आणि नंतर कोर्टात तिचाच हिशेब मागितला जातो.

मग पुरते काय? भिवंडी आठवा. 1970 आणि 1984 मध्ये हे गाव जळाले. नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे नेमाने एकत्र बसू लागली. डिसेंबर 1992 मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. ही शांतता आधीच्या काही वर्षांच्या बैठकांनी कमावलेली होती.

म्हणून आमचे म्हणणे असे. प्रत्येक जमातीने वर्षातून एकदा वकील बोलावून ही अकरा कलमे मराठीत आणि उर्दूत समजावून द्यावीत. मुलींना कराटे शिकवावे आणि त्यांचा हक्क कुठपर्यंत जातो तेही सांगावे. गल्लीतल्या आजारी, म्हाताऱ्या आणि बाळंतिणींची यादी असावी, प्रथमोपचार येणारे चार जण असावेत, 112 लावायचा कोणी हे ठरलेले असावे. अफवा पुढे पाठवण्याआधी खातरजमा करण्याची शिस्त हवी, कारण पहिला दगड बहुधा अफवेच्या भरात उचलला जातो. प्रसंग घडलाच तर जखमांचा वैद्यकीय दाखला, सीसीटीव्हीचे चित्रण आणि साक्षीदारांची नावे त्याच दिवशी जपून ठेवावीत. कारण आपण बचावात वार केला हे दाखवण्याचा भार आरोपीवरच असतो. फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्यावी, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे. जातीय हिंसाचाराच्या बळींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो मागावा, त्यात लाज कसली?

आणि शेवटची गोष्ट. दुसऱ्याचे शरीर वाचवण्याचा हक्क कायदा देतो तेव्हा त्या दुसऱ्याचा धर्म विचारत नाही. आपल्या मोहल्ल्यात अडकलेला भाजीवाला, शिक्षक किंवा एस.टी.चा कंडक्टर आपल्या भरवशावर असतो. त्याच्यासाठी जो दारात उभा राहील, त्यालाच स्वसंरक्षणाचा हक्क समजला असे आम्ही मानू.