विद्येसाठीं कीं नांवासाठीं?

आपल्या मुलामुलींनीं केंब्रिज, कोलंबियासारख्या नामांकित विद्यापीठांत शिकावें, ही इच्छा रास्त आहे. पण त्यासाठीं राहतें घर गहाण टाकावें काय, हा कित्येक घरांतील प्रश्न आहे.

तेथील ग्रंथसंग्रह, व्यासंगी अध्यापक व तोलामोलाचे सहाध्यायी यांचा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. परंतु नांवानेंच सर्व साधतें, हा भ्रम होय. डॉ. आंबेडकर १९१३ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियास गेले. १९१७ सालीं बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तों अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास जागाहि मिळेना! नांव तेथें निरुपयोगी ठरलें. विद्या मात्र जन्मभर कामीं आली. १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपेहि सरकारी शिष्यवृत्तीवरच गेले होते. परतून त्यांनीं फर्ग्युसन कॉलेजांत अध्यापन पत्करलें.

दोघांच्याहि त्या प्रवासासाठीं घर गहाण पडलें नव्हतें, हें विसरूं नये. म्हणून गहाणखतावर सही करण्यापूर्वीं पालकांनीं मुलांस एवढेंच विचारावें: विद्येसाठीं जावयाचें कीं नांवासाठीं? आणि खऱ्या विद्यार्थ्याचा भार एकट्या घरावर न टाकतां आमच्या व्यापारी बंधूंनीं शिष्यवृत्त्या ठेवाव्या. लग्नसमारंभांतील खर्चाचा अल्पांश या कामीं लागला, तरी पुष्कळ होईल.