सांधा मोडा

आम्ही पायाचे दगड, आम्ही भिंतीच्या विटा, आमच्या छाताडावर तुमचे इमले. दोस्तांनो, असल्या कविता आता बास करा. कागदावर वीट रडते, ओरडते, पेटते. भिंतीत ती काय करते हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं.

मी सांगतो. गिरणीत चिकटायच्या आधी दोन वर्षं नाक्यावर उभा राहायचो, गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून. वीट आधी पाण्यात बुडवायची. कोरडी ठेवली तर ती मालातलं पाणी पिऊन टाकते, मग सिमेंट पकडच घेत नाही. दोन टोकांना दोरी ताणायची, ओळंबा सोडायचा, मग रद्दा. खालच्या रद्द्याचा उभा सांधा जिथं येतो, तिथं वरच्या विटेचं पोट आलं पाहिजे. त्यासाठी एकाआड एक रद्द्यात टोकाला अद्धा घालायचा, की सांधा सरकतो. प्रत्येक वीट खालच्या दोघींवर बसते, तिच्या डोक्यावर पुन्हा दोघी. भार पसरत पसरत खाली जातो. सांधे एकावर एक आले की ती भिंत नाय, शेजारी शेजारी उभे केलेले सुटे खांब! लांबून भिंतच दिसते. वरून प्लास्टर मारलं की इंजिनिअरसाहेबही फसतो. पाया जरा खचला, की वरपासून खालपर्यंत सरळ चीर.

आता आपल्याकडं बघा. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोरा म्हटलं. मजल्यावर मजले, शिडी नाही, ज्या मजल्यावर जन्मलास तिथंच मर. तो मनोरा पाडायला निघालेल्या आपण स्वतःची भिंत कशी रचली? महारावर महार, मांगावर मांग, चांभारावर चांभार. उभे सांधे थेट आभाळापर्यंत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 59 जाती आहेत. त्यातल्या किती जणांच्या घरी तुम्ही जेवलात? 3 ऑक्टोबर 1957 ला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, त्याचे तुकडे मोजायला आज बोटं पुरत नाहीत.

1 ऑगस्ट 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, राज्यांना अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करता येईल. झालं, आपल्या आळीत बोंब उठली, कोर्टानं फूट पाडली! अरे, चीर आधीचीच. कोर्टानं फक्त प्लास्टर खरवडलं. वाटा मागणाऱ्या मातंग पोराला 'फुटीर' म्हणण्याआधी त्याच्या वस्तीत कधी गेला होतास, भीमसैनिका? का 14 एप्रिलला ट्रकवरून हात हलवत तिथनं गेलास, तेच जाणं?

गवंडी भिंत एका टोकानं चढवत नाही. एक बाजू दुसरीपेक्षा मीटरभराहून वर न्यायची नाही. न्यावीच लागली तर टोकाला पायऱ्या सोडायच्या, मागनं येणारा रद्दा त्यात गुंतावा म्हणून. आपल्यातले जे शिकले, साहेब झाले, कॉलनीत गेले, त्यांनी पायऱ्या सोडल्या का? टोक असं सफाईनं कापलं की मागून येणाऱ्याला हात घालायला जागा नाही. आणि हेच लोक स्टेजवर 'समाजाचं देणं' म्हणून गळा काढतात!

आणखी एक. बिगारी गडी चार-पाच वर्षांत थापी धरतो, गवंडी होतो. त्याच्यासोबत कामाला लागलेली बाई म्हातारी होईस्तोवर घमेलंच वाहते. थापी तिच्या हातात कोण देतो? आपल्या बैठकांना भाकऱ्या कोण थापतं, वर्गणीला दारोदार कोण हिंडतं, आणि माईक कुणाच्या हातात असतो, हे मला विचारू नका, तुम्हीच बघा.

रविवारच्या सभेची वक्त्यांची यादी माझ्यासमोर आहे. सात नावं. सातही आपल्याच आळीतली, बाई एकही नाही. स्टेन्सिल अजून कापलेलं नाही. अध्यक्षांना सांगा, यादी परत आणा.