आठ महिने उशिरा फळलेलं भाकीत

वाराणसी छावणीत येऊन मला वर्ष होत आलं. सुट्टीच्या दिवशी पहाटे अस्सी घाटावर जायचं, कुल्हडमधला चहा घ्यायचा आणि पायऱ्यांवर बसून लोकांच्या गप्पा ऐकायच्या, हा माझा नेम. तिथे ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ भेटतात. मी फौजी आहे हे कळल्यावर त्यांनी एकदा सांगितलं, की त्यांचा थोरला भाऊ २ राजपूतमध्ये होता आणि २० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चू नदीवर गेला. पार्थिव आलं नाही, फक्त तार आली. मग ते शांतपणे म्हणाले, "साहब, वह अष्टग्रह का फल था. भविष्यवाणी सही थी, बस आठ महीने देर से फली."

मी काही बोललो नाही. पण ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही.

१९६२ ची अष्टग्रही माझ्या पिढीला आजी-आजोबांकडून माहीत आहे. त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारीला सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत एकत्र आले. भर म्हणून ५ तारखेला खग्रास सूर्यग्रहण, तेही भारतातून न दिसणारं. प्रलय होणार, भूकंप होणार, जग बुडणार, अशी भाकितं झाली. देशभर यज्ञ पेटले, तुपाच्या आहुती पडल्या, अखंड नामजप झाले. ६ फेब्रुवारीची सकाळ नेहमीसारखीच उजाडली. त्याच महिन्यात देशानं सार्वत्रिक निवडणुकीत मतदानही केलं.

म्हणजे भाकीत फसलं. पण मानणाऱ्यांचं मानणं सुटलं का? आमची आजी सांगायची, "यज्ञ केले म्हणून वाचलो." ऑक्टोबरात चीनचं आक्रमण झालं तेव्हा तिचं उत्तर बदललं: "बघा, ग्रह खरेच होते." आणि जुलै १९६१ मध्ये फुटलेलं पानशेत? "तेव्हा ग्रह जमायला लागले होते." सात महिने आधीची घटना चालते, आठ महिने नंतरचीही चालते. इतकी सूट दिली तर कुठलं भाकीत चुकेल?

यात आपण भारतीयच भोळे, असं समजायचं कारण नाही. १९५४ च्या डिसेंबरात अमेरिकेत शिकागोजवळ डोरोथी मार्टिन या बाईंना परग्रहवासीयांचे संदेश येत असत. २१ तारखेला महापूर येणार आणि त्याआधी मध्यरात्री उडती तबकडी आपल्याला न्यायला येणार, असं त्यांच्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. तबकडीत धातू चालत नाही म्हणून त्यांनी कपड्यांच्या चेनसुद्धा उसवल्या. तबकडी आली नाही. पहाटे पाचच्या सुमारास नवा संदेश आला: तुमच्या श्रद्धेच्या प्रकाशामुळे देवानं जग वाचवलं. आजीचे यज्ञ आणि हा प्रकाश, उत्तर एकच. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर १९५६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या चिमुकल्या गटात निरीक्षकच इतके मिसळले होते, की त्यांच्या निष्कर्षांवर पुढे शंका घेतल्या गेल्या, आणि त्या रास्त आहेत. पण मूळ गोष्ट आपण घरीदारी पाहतो. ज्या समजुतीसाठी माणसानं बरंच काही पणाला लावलेलं असतं, ती सोडण्यापेक्षा तारीख बदलणं त्याला सोपं जातं.

एक फौजी म्हणून माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. ग्रहांचं स्पष्टीकरण फुकट मिळत नाही. त्याची किंमत अशी, की खरं कारण शोधायची गरजच उरत नाही.

मी एनडीएत असताना तीन वर्षं खडकवासल्याचं पाणी रोज पाहिलं. पानशेत ग्रहांनी फोडलं नाही. काम पुरं व्हायच्या आत पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं होतं. नामका चूवरही ग्रह नव्हते. ७ इन्फंट्री ब्रिगेड नदीच्या काठावर खाली, आणि चिनी थागला धारेवर डोक्यावर. अंगावर सुती गणवेश, हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली, गोळ्या मोजक्या. आज या छावणीत ज्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्या ९ गोरखाची पहिली बटालियनही तिथेच होती. ब्रिगेडियर जॉन दळवी स्वतः कैद झाले आणि परतल्यावर त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. पराभवाची कारणं माणसांनी घेतलेल्या निर्णयांत होती. ती मानली गेली म्हणूनच पर्वतीय डिव्हिजन उभ्या राहिल्या आणि १९६७ मध्ये नथू लाला वेगळा निकाल लागला. सगळं मकर राशीवर ढकललं असतं, तर यातलं काय झालं असतं?

आणि हे मी उंच जागेवरून सांगत नाही. मेजर असताना एका युद्धसरावात माझ्या कंपनीचा रात्रीचा हल्ला पार फसला. डीब्रीफमध्ये मी धुकं सांगितलं, रेडिओ सांगितला, वाटाड्याही सांगितला. खरं कारण एवढंच होतं, की त्या नाल्याची टेहळणी मी स्वतः केली नव्हती. धुकं हे माझं अष्टग्रह होतं. सरावात कुणी मेलं नाही, म्हणून आज मला हे लिहिता येतंय.

उलट उदाहरणही याच शहरात आहे. २८ डिसेंबर १९११ रोजी इथे, काशीत, थिऑसॉफिस्ट मंडळींनी सोळा वर्षांच्या कृष्णमूर्तींसमोर साष्टांग नमस्कार घातले. हाच मुलगा पुढे जगद्गुरूचं माध्यम होणार, अशी त्यांची खात्री होती. ३ ऑगस्ट १९२९ ला हॉलंडमधल्या ओमेन इथे, हजारो अनुयायांसमोर, कृष्णमूर्तींनी आपल्यासाठी उभारलेला तो संघ स्वतःच बरखास्त केला आणि देणग्यांतून मिळालेली मालमत्ता परत केली. अनेकांना धक्का बसला, काही दुरावले. पुढे राजघाटावर त्यांच्या प्रेरणेनं शाळा उभी राहिली, ती आजही चालू आहे. आपल्याला मोठेपण देणारी समजूत आपणच भर सभेत मोडणं किती अवघड असतं, हे डीब्रीफमध्ये उभं राहिलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला कळेल.

म्हणून मी दोन माणसांत फरक करतो. ज्याचा भाऊ गेला, त्यानं ग्रहांचा आधार घेतला तर तो माझ्या टीकेचा विषय नाही. साठ वर्षं तार जपून ठेवणाऱ्याला कशाचा तरी आधार लागतोच. पण ज्याच्या हुकमावर दुसऱ्याचा भाऊ पुढे जातो, त्याला ही सवलत नाही. त्यानं तारीख बदलायची नाही, धुकं सांगायचं नाही.

गेल्या रविवारी मी पुन्हा अस्सीला गेलो. ग्रहांचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच गेलो होतो. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग गृहस्थांनीच हळूच विचारलं, "साहब, एक बात बताइए. भैया लोगों के पास गरम कपड़े थे क्या?"

मी म्हणालो, "बहुतों के पास नहीं थे, बाबूजी."

ते बराच वेळ गंगेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मुझे यही लगता था."