ट्रेकला पप्पांनाही न्या!

आमच्या माळशिरसकडे ट्रेकिंग म्हटलं की घरचे म्हणतात, "ही पुण्या-मुंबईची थेरं!" मग पोरं थाप मारून गड गाठतात. पोरींना तर विचारायचीही सोय नाही. मला दोन्ही पटत नाही.

मित्रांनो, चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटातून शिखर शिंगणापूरला कावडी चढतात, तो ट्रेक नाही तर काय? उभी चढण, खांद्यावर जड कावड, आणि एकमेकांचे हात धरून केलेली माणसांची साखळी. बाप, लेक, दोस्त, सगळे त्यात! कॉन्व्हेंटच्या पुस्तकातलं 'टीमवर्क' ते हेच.

म्हणून म्हणतो, ग्रुप १६४६ मीटरच्या कळसूबाईला निघाला, तर दोघा-तिघांच्या आई-पप्पांनाही घ्या. ते दमतील, आपल्याला थांबावं लागेल, थांबू की! लोखंडी शिड्यांवर आपली फाजील घाई तेवढीच कमी होईल. आणि आपलं पोरगं मागे राहिलेल्याला सोडून पुढे जात नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. घरी मार्कांपलीकडे बोलणं जात नाही; चढावर जातं.

पुढच्या ट्रेकला मग थाप लागणार नाही. बघा, पटतंय का!