तिसऱ्या कपापर्यंत

परदेशी राहणाऱ्या मराठी लेखकांना आम्ही दिवाळी अंकासाठी दर वर्षी पत्र धाडतो आणि दर वर्षी आठवणी मागतो. तिकडचा गणपती कसा होतो, भाजणी कुठून आणता, बर्फात आकाशकंदील टिकतो का. लेख मनापासून लिहिलेले असतात. पण वाचून झाल्यावर ध्यानात येतं की तो देश लेखात कुठेच नाही. आपलं घर तेवढं उचलून दुसरीकडे मांडलेलं. यात लेखकांची चूक नव्हती, आमचं विचारणंच तोकडं होतं. म्हणून यंदा लिहिलं: तिथल्या माणसांकडून काय शिकलात ते सांगा.

अदिस अबाबाहून आलेला लेख वाचताना मी दोनदा थांबलो. इथिओपियात पाहुण्याला कॉफी देतात ती हिरव्या बिया त्याच्यासमोर भाजून, कुटून, जेबेना नावाच्या मातीच्या किटलीत उकळून. तीन वेळा कप भरला जातो: अबोल, तोना आणि बरका. बरका म्हणजे आशीर्वाद. लेखिका सुरुवातीला पहिला कप घेऊन, आभार मानून उठायची. कामं असायची. आशीर्वाद न घेताच आपण उठत होतो, हे तिला वर्षभराने कळलं. मग ती बसू लागली आणि बोलणं खरं सुरू झालं ते तिसऱ्या कपाला. परदेशात राहण्याबद्दल इतकं नेमकं मी फार दिवसांत वाचलेलं नाही. आपल्यापैकी बरेच जण पहिल्या कपाला उठतात. काही तर वीस-वीस वर्षं तिथे राहून.

तिसऱ्या कपापर्यंत बसलेला मराठी माणूस म्हटलं की मला बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी आठवतात. 1876 साली गोव्यातल्या साखवाळला जन्मलेले. शाळा फारशी झाली नाही, नारळाच्या बागेची देखभाल करण्यात तरुणपण चाललेलं. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि बुद्धधर्म मुळातून शिकायचा ध्यास घेतला. 1899 साली ते घराबाहेर पडले, पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे ठेवून. या शोधाची किंमत बाळाबाईंनी मोजली, हे विसरून कोसंबींचं कौतुक करू नये असं मला वाटतं.

पुणे, काशी, नेपाळ करत ते 1902 मध्ये श्रीलंकेला पोचले. भारतात जन्मलेली पाली भाषा शिकायला त्यांना समुद्र ओलांडावा लागला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्षूंच्या विद्यालयात, सुमंगल महास्थविरांपाशी ते विद्यार्थी म्हणून बसले. पुढे ब्रह्मदेशात भिक्षूंमध्ये राहिले. आपल्याकडे विस्मरणात गेलेलं धन त्या लोकांनी शतकानुशतकं पाठ करून, ताडपत्रांवर उतरवून सांभाळलं होतं. ‘बुद्ध आमचाच’ असं म्हणण्याआधी त्यांचे हे उपकार आपण मोठ्याने कबूल करायला हवेत.

मग 1910 साली हार्वर्ड. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली बौद्ध ग्रंथाचं संपादन हाती घेतलं होतं, ते त्यांच्या निधनाने अडलं होतं. सिंहली आणि ब्रह्मी हस्तलिखितं, अमेरिकेतलं विद्यापीठ आणि त्यावर काम करणारा कोकणी बोलणारा गोवेकर! कोसंबी त्या कामासाठी पुन्हापुन्हा तिकडे गेले. ग्रंथ हार्वर्डकडून निघाला 1950 मध्ये, तेव्हा ते हयात नव्हते.

अमेरिकेत त्यांनी समाजवादावरची पुस्तकंही वाचली, कामगारांचे प्रश्न समजून घेतले. 1929 साली लेनिनग्राडलाही गेले. आणि या साऱ्या प्रवासाचं पुढे काय झालं? मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांचा ‘बहुजनविहार’ उभा राहिला. कोलंबोत शिकलेला धम्म आणि हार्वर्डला वाचलेली कामगारांची कैफियत गिरणीच्या भोंग्याच्या टापूत एकत्र आली. दोन्ही ठिकाणी ते मन लावून बसले होते, म्हणून ती त्यांच्यात मुरली.

बाहेरचं असं मुरवून घेणं दिवाळी अंकांनाही नवं नाही. या अंकांचा पायंडा 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने पाडला. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ हे मूळचे आजगावकर. बंगालीच्या प्रेमाने त्यांनी ‘मित्र’ हे आडनाव घेतलं. परक्या भाषेला घरात घेण्याची ही रीत आपल्या दिवाळी अंकांच्या उगमापाशीच आहे.

साखवाळच्या त्या तरुणाच्या हाती तो ‘बालबोधमेवा’ पडला नसता तर, हा विचार अंक जुळवताना सतत मनात होता. कोणतं पान कुणाला कुठे नेईल हे छापणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं. आमच्या परीने आम्ही पानं मन लावून भरली आहेत.

अदिस अबाबाचा लेख पहिलाच लावला आहे. फराळाचं ताट बाजूला सरकवून, निवांत वाचावा.